येतो म्हणायचं

“जातो म्हण की गं! ‘आम्ही जातो.’ दोन शब्द हाईत नुसते.”

शकुंतलाबाईंचा आवाज बसला होता. दिवसभर तास, मधल्या सुट्टीत पोरांच्या जेवणावर देखरेख, आणि शाळा सुटली की ही तालीम. नाटक त्यांनीच लिहिलेलं. रानातलं घर कायमचं सोडणारं एक कुटुंब. शेवटी मुलगी उंबऱ्याकडे वळून म्हणते, आम्ही जातो. की पडदा.

रक्षिता पुठ्ठ्याच्या उंबऱ्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “येतो हां.”

पोरं खिदळली. बाईंनी कपाळावर हात मारला.

“अगं, ती माणसं परत येणार न्हाईत. म्हणून जातो!”

“तरी पण, बाई. घरातनं निघताना जातो म्हणू न्हाई. आय मारल.”

कारवारच्या स्पर्धेत नक्की ‘जातो’ म्हणेन, अशी शपथ तिने घेतली. आणि ऐन रंगमंचावर, घरी एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला सांगावं तसं त्या पुठ्ठ्याच्या घराला म्हणाली, “येतो हां.” विंगेत बाईंनी जीभ चावली. मग सभागृहात टाळ्या पडल्या त्या थांबेनात. परीक्षक म्हणाले, त्या एका शब्दासाठी पहिला नंबर.

ढाल हेडमास्तरांच्या कपाटात गेली. बाईंनी नाटकं बसवून मिळवलेल्या ढालींनी ते कपाट आधीच भरलं होतं, आणि किल्ली कायम जो कोणी हेडमास्तर असेल त्याच्या खिशात. बाईंना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्यांची मुलं बेंगळुरूला, फोनवर ‘जेवलीस का’ विचारण्यापुरती. जीव लागला होता तो या पोरीवर. हिला दहावी पार करवायचीच, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं.

बेळगावच्या अंतिम फेरीची तयारी चालू असताना रक्षिताचा बाप, लाडू, हेडमास्तरांच्या ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. कुंभारवाड्याच्या पलीकडे रानात त्याचं घर.

“पोरीची टीसी पायजे, सर. हल्याळकडं चाललो आमी. वाड्यावर आता तीनच घरं उरलीत. अस्वल दारात यायलंय.”

बाई धावतच आल्या. “लाडूदादा, तिला माझ्याकडं ठेवा. माझ्या घरात. मी शिकवते, मी जेवाय घालते.”

लाडूने पायाच्या अंगठ्याने फरशी घासली. “मनात व्हतंच माझ्या,” तो म्हणाला. “तिकडं नवी शाळा, नवी पोरं. तुमच्यापाशी शिकली तर शिकंल.”

बाईंचे डोळे भरून आले. झालं होतं काम! तेवढ्यात हेडमास्तर बाईंकडे वळून कन्नडमध्ये बोलले. सहा महिन्यांपूर्वी धारवाडहून बदलून आलेला माणूस. रानातल्या कुणब्याला कन्नड कुठलं कळतंय, असा त्यांचा समज. या तालुक्यात गुरंसुद्धा दोन्ही भाषांत हाकलली जातात, हे त्यांना कोण सांगणार?

“बेळगाव होईपर्यंत ठेवून घ्या,” ते म्हणाले. “मग टीसी हातात देऊ. गणितात नापास होणारी मुलगी दहावीला बसवून निकाल कशाला पाडायचा?”

बाई काही बोलायच्या आतच लाडूने मान वर केली. रागावला नाही. कन्नडमध्येच, सावकाश म्हणाला, “आजच द्या टीसी.” मग बाईंकडे वळून, “नाटकापुरती पोर न्हाई ठेवत मी, बाई.”

“दादा, मी तसं न्हाई म्हणत! मी दहावीपर्यंत—”

“तुमी न्हाई म्हणत. पर शाळा तुमची कुठं हाय?”

इतकी वर्षं बाई ती शाळा आपलीच समजत होत्या.

हेडमास्तरांनी फणकाऱ्याने सही ठोकली आणि तरातरा हॉलकडे गेले, सोनियाला रक्षिताच्या भूमिकेत उभं करायला. सोनिया हुशार, पाठांतर चोख, आणि निकाल पाडणारी नव्हे.

रक्षिता बाहेर पायरीवर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. आत येऊन ती बाईंच्या पाया पडली. टीसीची घडी बापाने बनियनच्या आत सरकवली आणि तो चालू लागला. मागोमाग ती. दारातून बाहेर पडताना ती वळली आणि तिने बाईंकडे, भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे, ढालींच्या कपाटाकडे पाहिलं.

“जाते, बाई,” ती म्हणाली.

येते म्हण गं, असं बाईंच्या ओठांवर आलं. लहान पोर चुकून ‘जाते’ म्हणालं तर घरचं माणूस लगेच सांगतं, येते म्हणायचं. पण सांगायचं कुठल्या तोंडाने?

ती पटांगण ओलांडून फाटकापाशी पोचली, तेव्हा हॉलमधून सोनियाचा खणखणीत आवाज आला, “येतो हां!”

“शाब्बास!” हेडमास्तर ओरडले. “हुबेहूब!”