चाळीस वर्तुळं

धाकटीचा प्रोग्राम सकाळपासून दळण दळत बसला होता आणि उत्तराचा पत्ता नव्हता. त्याच ऑफिसात संगणकाच्या भाषा बनवणारी तिची ताई वैतागून फळ्यापाशी आली. धाकटीने त्यावर आपल्या बेरजांचं फांद्याफांद्यांचं झाड काढलं होतं.

"अगं, प्रत्येक पायरीवर खालचीच बेरीज दोनदा मांडतेस! चाळीस पायऱ्यांत लाख कोटी फांद्या झाल्या!"

तिने धाकटीचं झाड पुसलं, एकाखाली एक वर्तुळं काढली आणि प्रत्येकातून दोन्ही बाण खालच्या एकाच वर्तुळाकडे नेले. प्रत्येक बेरीज एकदाच; मोजून चाळीस वर्तुळं.

धाकटीने तळाच्या वर्तुळात एक लिहिला. वरच्यात दोन आले, त्याच्या वर चार. उत्तर चढतच गेलं. शेवटचं वर्तुळ भरून, खडूचे हात झटकून तिने मागे पाहिलं.

मशीन अजून दळतच होतं.