गुणवंतीबाईंची प्रार्थनाविनंती

"नाही म्हणू नका, गुणवंतीबाई," चर्चचे पाळकसाहेब म्हणाले. "विषय आहे भावंडं आणि मित्र. येत्या रविवारी तरुणांची उपासना आहे. तुमच्याइतकं मनापासून कोण सांगणार पोरांना?"

गुणवंतीबाई पडवीत आमसुलं उलटसुलट करत होत्या. हात लालभडक झालेले. म्हणाल्या, "माझ्यापेक्षा शिकलेली माणसं आहेत की मंडळीत."

"आहेत. पण ती बोलायला लागली की पोरं खिडकीबाहेर बघतात."

छापील कागद सुपाखाली सरकवून, सरबत पिऊन पाळकसाहेब गेले. बाईंनी हात पुसले, चष्मा लावला. कागदावर पाच मुद्दे होते. हेवा करू नका, एकमेकांना वेळ द्या, हे पहिले दोन. ते काय, कुणीही सांगेल. तिसरा असा होता: भावाचं काही चुकलं किंवा दुखलं तर आधी त्याच्यापाशी जा, त्याच्याविषयी चारचौघांत बोलू नका.

"अगो बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आणि हे मी सांगायचं?"

त्यांचा पाठचा भाऊ काशीराम सात वर्षांत त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

काशीराम आठ वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो दुसरीत होता. त्याच्या डोक्याला तेल बाईंनी लावलं, पाढे बाईंनी घोकून घेतले. आपलं लग्न त्याच्यापायी राहिलं असं त्या सांगत. खरं म्हणजे मनासारखं स्थळच आलं नव्हतं, पण ते जाऊ दे. त्या गावातल्या एका खासगी प्रसूतिगृहात परिचारिका झाल्या आणि काशीराम पंप आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करू लागला. हाताला कायम डिझेलचा वास. पण रविवारी त्याच हातांनी तो भजनाला तबला धरायचा, आणि म्हातारीकोतारीसुद्धा सरसावून बसायची.

त्याची बायको नेत्रा मिरजेची. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नव्हतं. "अजून काही नाही?" हे गावाने तिला किती वेळा विचारलं असेल, मोजदाद नाही. ती मान खाली घालायची. बाईंनी स्वतः तिला तीन डॉक्टरांकडे नेलं, काढे पाजले. अखेर १९९९ साली एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नवऱ्याला तपासा. काशीराम लाजेने अर्धा झाला. रत्नागिरीत नको, इथं सगळे ओळखीचे. म्हणून बहीणभाऊ कोल्हापूरला गेले. कागद हातात पडला आणि त्यात काय आहे ते बाईंना एका नजरेत कळलं.

परतीच्या एसटीने घाट उतरला. मग तो म्हणाला, "आक्का, दोष माझ्यात हाय. आणि नऊ वर्षं ऐकून घेतलं ते तिनं."

"अरे, औषधं असतात त्याच्यावर..."

"ते ऱ्हाऊ दे. नेत्राला मीच सांगणार. रविवारी सांगतो. मला जरा दम घेऊ दे. तोवर हे तुझ्यामाझ्यात."

"माझ्या पोटातून बाहेर जाईल होय रे?" बाई म्हणाल्या. तो सोमवार होता.

बुधवारी बायकांची प्रार्थनासभा असे. त्या आठवड्यात ती कमळाबाईंच्या घरी होती. दहा-अकरा जणी, खाली सतरंजी, भजन झालं की एकेकीने आपली विनंती सांगायची आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. कुणाची साखर वाढलेली, कुणाच्या मुलाची बारावी. बाईंची पाळी आली. "माझ्या काशासाठी प्रार्थना करा ग," त्या म्हणाल्या आणि सांगत गेल्या. कोल्हापूर सांगितलं, कागद सांगितला, कागदात काय होतं तेही सांगितलं. चहाडी करावी असं मनात अजिबात नव्हतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. कमळाबाईंनी हात घट्ट धरून ठेवला.

आणि एक गोष्ट होती, ती बाईंना स्वतःशी कबूल करायला पुढे कितीतरी वर्षं लागली. त्या बायका श्वास रोखून ऐकत होत्या, ते त्यांना बरं वाटलं होतं. जन्मभर दुसऱ्यांची दुखणी ऐकली, त्या दिवशी सगळ्यांनी त्यांचं ऐकलं.

शनिवारी नेत्रा दळण आणायला गिरणीवर गेली. तिथे कमळाबाईंनी तिला मिठीच मारली. "नेत्रा, दोष तुझा नाही गो. आम्हाला सगळं कळलंय. आम्ही रोज प्रार्थना करतो हो तुमच्यासाठी."

पिठाचा डबा तसाच कडेवर घेऊन नेत्रा घरी आली आणि तिने नवऱ्याला विचारलं. त्याने कागद काढून तिच्यापुढे ठेवला. रविवारला एक रात्र उरली होती.

"दोषाचं मला काही नाही," ती म्हणाली. "मूल नसतं झालं तर नसतं झालं. पण बहिणीला सोमवारी कळलं, गावाला बुधवारी, आणि मला आज गिरणीवर?"

पंधरा दिवसांनी ती मिरजेला गेली. नंतर आली नाही. पत्रं गेली, पाळकसाहेब जाऊन आले, पण ती काही आली नाही.

काशीराम एकदाच बाईंच्या दारात आला होता. पायरीच्या खालीच उभा राहिला. "आक्का, तू प्रार्थनेत सांगितलंस?"

"अरे, देवालाच सांगितलं ना रे मी..."

"देव बहिरा हाय काय? कमळाबाईच्या घरात बसून सांगितल्याबिगर त्याला ऐकू जात नाय?"

एवढं बोलून तो गेला. त्यानंतर ना तो या घरात आला, ना चर्चच्या देवळात. तबल्यावर कुणीतरी जुनी चादर टाकली, ती अजून तशीच आहे.

राहिली ती मोटर. वडिलांनी कातळ फोडून घराशेजारी विहीर काढली होती. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, म्हणून फेब्रुवारीत मोटर खालच्या टप्प्यावर उतरवायची आणि पावसाच्या आधी, मे संपता संपता, पुन्हा वर घ्यायची. नाही घेतली तर पहिल्या आठवड्यातच ती बुडायची. हे काम काशीरामचं. आता दुसरा मिस्त्री शोधायला हवा, असं बाईंनी त्या वर्षी मनाशी ठरवलं. एक दिवस ड्यूटीवरून घरी येतात तर मोटर वर आलेली. नवीन वायसर घातलेला आणि जुना वायसर विहिरीच्या काठावर ठेवलेला. बाई तिथेच चिऱ्यावर बसून रडल्या.

तेव्हापासून वर्षातून दोनदा तो येऊन जातो. बाई ड्यूटीवर असताना यायचा. त्या निवृत्त झाल्या तशी पंचाईत झाली, कारण बाई घरीच. मग तो रविवारी सकाळी येऊ लागला. दहा ते साडेअकरा बाई उपासनेला असतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? बाई जाताना पडवीत सरबत झाकून ठेवायच्या, डब्यात घावणे ठेवायच्या. परत येऊन बघावं तर तसंच. मध्येच उठून घरी जावं असं दर वेळी मनात यायचं. पण आपल्याला बघून तो अर्ध्या कामातून निघून गेला तर? या भीतीने त्या शेवटच्या भजनापर्यंत बाकाला चिकटून राहायच्या.

एकदा त्या मिरकरवाड्याच्या बंदरावर अली नावाच्या माणसाच्या घरी गेल्या होत्या. अलीची मच्छीमार बोट आहे. काशीराम त्याच्याच बोटीचं इंजिन सांभाळतो आणि त्याच्या घरामागच्या खोलीत राहतो. अलीने खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुमचं ऐकेल तो," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोस्त त्याचे. त्याला काय झालंय ते तुम्हाला माहीत नसेल, मी सांगते..."

अलीने लगेच हात वर केला. "नको आपा. एवढी वर्षं आम्ही एका ताटात जेवतो. त्याने कधी सांगितलं नाय, मी कधी विचारलं नाय. बंदरावर कोण काय बोललं तर मी त्याला बोटीवरून खाली उतरवतो. तुम्ही पण नका सांगू मला."

बाई चहा तसाच ठेवून उठल्या. आपण आत्ता पुन्हा तेच करणार होतो, हे त्यांना रस्त्यावर येईपर्यंत नीट उमगलंही नव्हतं. उमगलं तेव्हा कान तापले.

तर असा हा रविवार उजाडला. मेचा शेवटचा. बाईंनी ठरवलं होतं की आज लपवायचं नाही. सगळं सांगायचं, आपली चूक आपल्या तोंडाने कबूल करायची. पोरांना कागदावरचे पाच मुद्दे काय कामाचे? खरं घडलेलं ऐकतील तर शहाणी होतील.

त्या उभ्या राहिल्या. पदर सावरला. "मुलांनो, मला एक भाऊ आहे," त्या म्हणाल्या.

देऊळ एकदम गप्प झालं. एकही पोर खिडकीबाहेर बघत नव्हतं. पाळकसाहेब खूश होऊन मान हलवत होते. दुसऱ्या बाकावर कमळाबाईंनी रुमाल आधीच काढून ठेवला होता. आणि बाईंच्या छातीत तेच ते बरं वाटणं सुरू झालं, त्या बुधवारचं.

त्या थांबल्या. चूक आपली खरी. पण ती सांगायची म्हणजे काशाचा कागद पुन्हा उघडायचा. सात वर्षांपूर्वी दहा बायका होत्या, आज सत्तर माणसं आहेत.

पुढच्या बाकावरची एक मुलगी खुदकन हसली.

"मी एक गोष्ट सांगणार होते," बाई म्हणाल्या. "ती माझ्याकडे ठेवायला दिलेली आहे. तेव्हा मी ती सांगत नाही. तुम्ही तिसरा मुद्दा वाचा, एवढंच." आणि त्या खाली बसल्या.

कुजबूज झाली. पाळकसाहेबांनी घाईघाईने भजनाचा आकडा पुकारला. सगळे उभे राहिले तशी बाईंनी पिशवी उचलली आणि बाजूच्या दाराने त्या बाहेर पडल्या. घड्याळात पावणेअकरा.

फाटकाशी काशीरामची एम-एटी गाडी उभी होती. तो विहिरीत होता, खालच्या टप्प्यावर, वाकलेला. केस पार पांढरे झालेले. बाईंच्याआधी त्याचे पिकले. त्याने वर पाहिलं.

"दोर धर," तो म्हणाला.

बाईंनी पिशवी टाकली आणि दोर धरला. तो खालून मोटरीला हात देत होता, त्या कप्पीवरून ओढत होत्या. वडील असताना दोघं असंच करत. मोटर काठावर आली, मागोमाग तो चढून आला आणि पाना घेऊन कामाला लागला.

"उपासना सुटली?"

"नाही. मीच उठून आले." त्यांना धाप लागली होती. "काशा, मी चुकले रे. देवाचं नाव पुढे केलं आणि तुझं घर मोडलं. हे मला तेव्हाच तुझ्या दारात येऊन म्हणायला हवं होतं."

तो बोल्ट आवळत राहिला. मग म्हणाला, "राग नाय माझा, आक्का. राग दोन वर्षांत गेला."

"मग बोलत का नाहीस?"

"येत नाय. कुणाला काय सांगावं असं आलं ना मनात, की तोंडच उघडत नाय. तुझ्यापुढं नाय, अलीपुढं नाय. नेत्राला पत्र लिहायला बसलो, तर ते पण नाय झालं."

तेवढ्यात त्यांची नजर त्याच्या उजव्या हातावर गेली. तर्जनी मधल्या पेराशीच संपली होती. जखम जुनी होती, भरून गुळगुळीत झालेली.

"हे कधी झालं रे?"

त्याने हात खिशात घातला. "काय नाय."

अडतीस वर्षं परिचारिका असलेल्या बाईंनी पुढे विचारलं नाही. त्याने मोटरीत पाणी भरलं आणि म्हणाला, "बटण दाब." त्यांनी दाबलं. नळी दोनदा गचके देऊन सुरू झाली. त्याने नळीखालीच हात धुतले, ओंजळीने तिथलंच पाणी प्यायला आणि हत्यारं गोळा केली.

पडवीतला सरबताचा पेला बाईंनी पुढे केला. त्याने पेल्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "मी आलो होतो ते कुणाला बोलू नको. उद्या सगळी मंडळी माझ्या दारात येईल प्रार्थना करायला."

"नाही बोलणार."

गाडीला किक मारून तो उतारावरून गेला, आणि बाई फाटकात उभ्या राहिल्या.

थोड्याच वेळात कमळाबाई आल्या, छत्री आपटत. "काय गो, बरं नाही काय तुला? भावाचं सांगत होतीस, अर्ध्यावरच बसलीस. सगळे विचारत होते. आणि उतारावर गाडी दिसली कुणाची तरी. कोण आलं होतं?"

ओल्या काठावर काशीरामच्या चपलांचे ठसे अजून वाळायचे होते. बाईंनी तिकडे पाहिलं.

"मोटरवाला," त्या म्हणाल्या.

"चांगला आहे काय? आमच्याकडे पण पाठव मग."

"तो दुसरीकडे कुठे जात नाही," गुणवंतीबाई म्हणाल्या आणि भरलेला पेला उचलून आत गेल्या.