चवीचा शेवट

“गोडच नाहीये हे,” जीभबाई म्हणाली आणि तिने क्रीमचा चमचा बशीत आपटला.

भट्टीवाल्या काकांनी कपाळाला हात लावला. “अहो बाई, दोनदा साखर वाढवली तुमच्या सांगण्यावरून!”

“मग तिसऱ्यांदा वाढवा. जीभ माझी की तुमची?”

बिस्किटांच्या त्या कारखान्यात या प्रश्नापुढे कुणाचं काही चालत नसे. वजनकाटे होते, भिंतीवर प्रमाणांचे तक्ते होते, पण घाणा पुढे सोडायचा की नाही, यावर शेवटचा शब्द तिच्या जिभेचा. तिचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं होतं. काकांनी तोंड वाकडं करून साखर वाढवली.

दुपारी साहेबांनी त्या घाण्यातलं एक बिस्किट तोंडात टाकलं आणि तसंच कागदात थुंकलं. सगळा माल गुरांच्या खाद्याकडे गेला.

“वय होतं हो, बाई,” साहेब म्हणाले. ते ओरडले असते तर परवडलं असतं. “दात जातात, डोळे जातात, तशी जीभही जाते. उद्यापासून पॅकिंगला बसा. बसून काम आहे, बरं पडेल.”

बरं पडेल! गेले दोन महिने जो तो तिला बरंच पाडायला निघाला होता.

सुरुवात रक्ताच्या तपासणीने झाली. डॉक्टरीणबाई मोजकं बोलल्या होत्या, “मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. रोज चाला, वजन थोडं उतरवा, गोड आवरा. पुन्हा तपासू.” घरी पोचेपर्यंत या तीन वाक्यांचं पुराण झालं. नवरा नुकताच निवृत्त होऊन घरात नुसता येरझाऱ्या घालत होता; त्याला आयतीच नोकरी मिळाली. सकाळी तो तिला फिरायला नेई आणि चार पावलं पुढे चालत मागे वळून ओरडे, “भरभर! देवळात प्रदक्षिणा घालायला आलीस का?” घरी येऊन तिच्यापुढे काकडी ठेवी आणि स्वतः बिस्किटाचा पुडा फोडी.

“तिथे मी चाखायचं, इथे तुम्ही खायचं,” ती म्हणे.

“माझी शुगर नॉर्मल आहे.”

त्यात थोरल्या जाऊबाईंनी साखरेवर उतारा म्हणून गुडमारच्या पाल्याच्या कॅप्सूल आणल्या. “नुसती गिळू नकोस, फुकट जाईल. फोडायची आणि पूड जिभेवर चांगली घोळवायची.”

“डॉक्टरांना विचारू का आधी?”

“झाडपाल्याला काय विचारायचं? पोटात गेला तरी पालाच.”

नवऱ्याने त्यावर आपली अक्कल चालवली. “कामावर चाखायच्या अगदी आधी घेत जा. चोर यायच्या आधी पहारेकरी दारात उभा हवा.”

घाणा वाया गेला त्या दिवशी सकाळी तिने पहिल्यांदा पूड जिभेवर घोळवली होती. कडवट, गवतासारखी. मग चूळ भरून ती चाखायच्या टेबलाशी गेली होती.

संध्याकाळी घरी आली तर जाऊबाई हजर. “सकाळची घेतलीस ना? आता संध्याकाळची घे, माझ्यासमोर घे. तुझा भरवसा नाही.” वाद घालायचं त्राण नव्हतं. तिने पूड घोळवली, चूळ भरली आणि पॅकिंगचं सांगायचं कसं या विचारात समोरचा कप उचलून एक घोट घेतला. कप जाऊबाईंचा होता.

“तुम्हीपण साखर सोडलीत?”

“मी कशाला सोडू? दोन चमचे घातलेत.”

ती उठून ओट्याशी गेली. चिमूटभर साखर जिभेवर ठेवली. वाळू. मीठ ठेवलं. खारट, चांगलं खणखणीत खारट. ती तशीच बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

“जीभ काढा.”

“अगं पण मला कशाला...”

“काढा म्हणते ना!”

नवऱ्याने पूड घोळवली, मग वर साखर चघळली. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. “अरेच्चा! रेती खाल्ल्यासारखं लागतंय!”

“बघ,” जाऊबाई आनंदाने म्हणाल्या, “म्हणजे गुण आहे त्यात!”

“गुण आहे हो!” ती ओरडली. “त्याच गुणाने माझी जागा खाल्ली!”

जेवायच्या वेळेपर्यंत गोडी परत आली. साखरेचा दाणा जिभेवर विरघळला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याने ते पाहिलं आणि बिस्किटांचा पुडा गुपचूप फडताळात ठेवला.

सकाळी ती आधी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी पूड बंद करायला सांगितली आणि मग विचारलं, “कामावर जे चाखता, ते गिळता?”

“गिळावंच लागतं.”

“दिवसभर?”

नवऱ्याने घरातली काकडीसुद्धा मोजली होती; हे मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं. तिला हे काम शिकवणारी म्हातारी म्हणायची, गिळल्याशिवाय चव पुरी होत नाही, पोरी. चवीचा शेवट घशाशी असतो. तो शेवट पकडण्यावर तर जीभबाईचं नाव झालं होतं.

कारखान्यात साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कमीजास्त साखरेच्या पाण्याचे पेले तिच्यापुढे मांडले. तिने ते न अडखळता क्रमाने लावले.

“ठीक आहे,” साहेब हनुवटी खाजवत म्हणाले. “पण ते चाटण बंद.”

“बंद. आणि मला एक वाडगा लागेल.”

काकांनी नवा घाणा आणला. तिने क्रीम जिभेवर घेतलं. आधी साखर आली, मग लोणी, मग व्हॅनिला नाकात चढला. आता गिळायचं, त्या क्षणी ती वाकली आणि सगळं वाडग्यात थुंकून मोकळी झाली.

“गोडी बरोबर. लोणी बरोबर,” तोंड पुसत ती म्हणाली. “शेवट तुम्ही सांगा, काका.”

काकांनी चमचा चाटूनपुसून गिळला. “चांगलाय.”

“चांगला म्हणजे?”

“चांगला म्हणजे... चांगला!”

“अहो, बिस्किटात जन्म गेला तुमचा! घशाशी जरा थांबा. गोडी जाते तेव्हा मागे काय उरतं ते बघा. पिठूळ? तेलकट? कडसर?”

काकांनी मुकाट्याने दुसरा चमचा घेतला आणि डोळे मिटले. त्यांच्या गळ्याची घाटी सावकाश वर गेली, थांबली, खाली आली. जीभबाई त्या घाटीकडे टक लावून बघत होती. नकळत तिनेही आवंढा गिळला. त्याला नुसत्या पाण्याची चव होती.