कालिंदीच्या नावाची ओटी

कालिंदी सिस्टर दिसली, की आशाबाईच्या पोटात दुखायला लागायचं. करोनाच्या वॉर्डात राबायच्या दोघी. पण कालिंदी कायम नोकरीतली, तिला नवं किट, राहायला हॉटेल. आशाबाई कंत्राटी आया. तिला फाटका गाऊन, आणि शहागंजच्या खोलीवर गेली की मालकीण जिन्यातच फवारा घेऊन उभी!

किटात माणूस ओळखू येत नाही, म्हणून छातीवर मार्करनं नाव लिहायची पद्धत. कालिंदी स्वतःच आजारी पडली, तेव्हा तिची नाव लिहून ठेवलेली किटं आशाबाईला मिळाली. टंचाईत नाव खोडत कोण बसतंय? ती घालूनच तिनं फुलंब्रीच्या सांडूबाबांना चमच्या-चमच्यानं पेज पाजली, रात्र-रात्र उशाशी बसली.

बरे झालेले सांडूबाबा महिन्यानं बायकोला घेऊन आले, थेट पुन्हा कामावर आलेल्या कालिंदीपुढं. आशाबाई शेजारीच फरशी पुसत होती.

"हीच कालिंदी व्हय? तोंड नाय दिसलं, पण नाव वाचलं होतं. लई जीव लावला पोरीनं! लक्ष्मे, भर ओटी."

कालिंदीनं आशाबाईकडं पाहिलं. आता सांगंल, आशाबाईला वाटलं. स्वतःच सांगावं, हेही जिभेवर आलं. पण कंत्राट याच महिन्यात संपत होतं आणि शिफारस कालिंदीच्या हातात होती.

कालिंदीनं पांढरा ॲप्रन पसरला. नारळ पडला, खण पडला, गहू पडले. म्हातारा-म्हातारी डोळे पुसत गेली.

"आशाबाई," कालिंदी म्हणाली, "गहू सांडलेत बघ. झाडून घे."

सांडूबाबा आल्यापासून आशाबाईला तिच्या स्वतःच्या नावानं मारलेली ती पहिली हाक.