मागच्या चाकांचा मास्तर

शंभूराजच्या पोटात दुखायला लागलं ते मंगळवारी सकाळी, आन तेबी एका शब्दावरनं. भरतेशअण्णा आपल्या कराडच्या गॅरेजात आला, शंभूकडं न बघता थेट गाडीखाली वाकला आन म्हणाला, "काय मास्तर, च्या घेतला का?"

आता गाडीखाली हुता धुळा. म्हंजे मास्तर कोण, तर धुळा. त्याला येऊन इनमिन तीन दिवस झालेले. आन शंभू दोन वर्सं त्याच गाडीखाली लोळतोय, त्याला अजून 'शंभ्या'च्या पुढं बढती न्हाई.

गाडी म्हंजे काँटेसा, अण्णाच्या वडलांची, सत्त्याऐंशी सालातली. जुनी असली तरी काय डौल तिचा, नाक ह्या गल्लीत तर शेपूट त्या गल्लीत. अण्णा सांगलीचा हळदीचा व्यापारी, पर जीव सगळा ड्रॅग रेसमधी. त्यात वळणबिळण काय न्हाई बरं का, सरळ चारशे मीटर, दोन गाड्या शेजारी शेजारी, आधी पोचंल तो जिंकला. आपल्या बैलगाडी शर्यतीगतच, फकस्त शेपटी पिरगाळायची सोय न्हाई.

पर ह्या गाडीचं दुखणं मागं हुतं. क्लच सोडला की मागच्या कमानीचे, म्हंजे स्प्रिंगचे, पाटे पिळवटायचे, एक्सल उसळायचा, आन चाकं जाग्यावरच थयथया नाचायची. तवर शेजारची गाडी निम्म्यात पोचलेली. शंभूनं पाटे बदलले, एक वाढवला, एक काढला, पाटे धरणारे यू-बोल्ट आवळून आवळून हाताला फोड आले. चाकं नाचायची ती नाचायचीच.

मग अण्णानं धुळ्याला आणला. धुळा आटपाडीकडचा, शंभूपेक्षा चार वर्सांनी लहान, साखर कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या कमानी बसवणारा. बोलायला लय कमी. त्यानं गाडी एकदा उसळताना बघितली आन दोन्ही कमानींखाली एकेक लोखंडी दांडा बसवला. मागचं टोक एक्सलला घट्ट, पुढच्या टोकावर रबराचा गट्टू. पाटा पिळवटायला लागला की गट्टू खालनं वर टेकायचा आन पाट्याला पिळूच द्यायचा न्हाई. झालं. चाकं नाचायची बंद.

"भारीच की रं," शंभू म्हणाला. तोंडानं म्हणाला.

त्या मंगळवारी अण्णानं घरनं आणलेल्या आईच्या, पद्मावतीकाकूंच्या डब्यात शेंगापोळी हुती. दोन वर्सं पयली पोळी शंभूच्या हातात पडायची. आज ती धुळ्याकडं गेली, तीबी वर तूप घालून. दुसरी पुढं आली तर शंभू म्हणाला, "नगं, पोट भरलंय." कशानं भरलेलं, ते त्याचं त्यालाच म्हाईत.

रेस रविवारी, लोणंदच्या पुढं, एका बंद कारखान्याच्या आवारातल्या सरळ पट्ट्यावर. शनिवारी तिथंच चाचणी. म्हून गुरुवारी धुळ्यानं शेवटचं माप लावलं. गट्टू आन पाटा ह्यांच्यात किती फट ठेवायची, सगळा खेळ तेवढ्या फटीचा. त्यानं डावीकडं अंगठा घालून बघितला, उजवीकडं अंगठा घालून बघितला. सारखं. बोल्ट आवळले.

आन गाडी रिकामी हुती.

शंभू चाकाशेजारी उकिडवा बसलेला, त्याला हे लख्ख दिसलं. आवं, ट्रॉलीत कोण बसतं? ऊस. आन ऊस दोन्हीकडं सारखा भरतात. त्यामुळं धुळ्यानं जल्मात कवा माणूस बसवून कमान मापली न्हवती. पर अण्णा एकशे चार किलोचा, आन बसणार उजवीकडं. तो बसला की उजवी कमान दबणार, उजवा गट्टू आधीच पाट्याला चिकटणार, डावा मोकळा ऱ्हाणार. क्लच सोडला की उजवं चाक आधी जमीन धरणार, आन गाडी डावीकडं फेकली जाणार.

धुळा गाडीखालनं सरपटत भाईर आला. "शंभूदा, तुमी हिला माझ्यापरीस जास्त वळखता. बराबर हाय न्हवं?"

"मास्तर तू," शंभू म्हणाला. "मला काय इचारतोस."

शनिवारी लोणंदला अण्णा गाडीत बसला, पट्टा बांधला. दार शंभूनं लावलं. क्लच सुटला, चाकांचा धूर निघाला, आन गाडी जी डावीकडं वळली ती थेट कडंला वाळू भरून ठेवलेल्या पिंपांच्या रोखानं. अण्णानं ब्रेक दाबला म्हून वाचला. पिंप आन नाक ह्यांच्यात दीड हात बी अंतर न्हवतं.

अण्णा उतरला. घाम पुसला. धुळा तर पांढराफटक पडलेला, गुडघ्यावर बसून कमानीखाली बघतोय आन त्याला काय दिसंना.

"शंभ्या," अण्णा म्हणाला, "तुला काय वाटतं?"

गड्या, ह्याच सवालासाठी शंभू दोन दिवस जेवला न्हवता धड. तो सुटलाच. वजन काय, उजवी कमान काय, गट्टू काय, सगळं एका दमात सांगितलं, आन वर म्हणाला, "परवाच बघितलं की मी. रिकाम्या गाडीत माप घेतलं ह्यानं."

अण्णा त्याच्याकडं बघतच ऱ्हायला.

"परवा?"

शंभू पिंपांकडं बघायला लागला.

"आन मगाशी दार तूच लावलंस की रं माझं."

धुळाच मधी पडला. "चूक माझी हाय अण्णा. त्यांनी सांगितलं म्हून तर कळलं." शंभूला वाटलं, ह्यानं एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

माप घ्यायला अण्णा परत गाडीत बसला, पुतळ्यागत. धुळा खाली शिरला आन आतनं पाना भाईर आला. "शंभूदा, उजवीकडचं तुमी लावा. अण्णा बसल्यावर किती दबतंय, मला अंदाज न्हाई."

दोघं खांद्याला खांदा लावून गाडीखाली उताणे. शंभूनं डावीकडं अंगठ्याएवढी फट ठिवली, उजवीकडं करंगळीएवढी. इंजिनाच्या पिळानं उजवं चाक सुटताना जरा हलकं पडतंय, म्हून तिथं फट थोडी कमी, पर अण्णा बसलेला असतानाबी गट्टू पाट्याला चिकटू दिला न्हाई. वाकडं काय केलं न्हाई त्यानं. हात खरा, त्याला तो तरी काय करणार.

शंभू भाईर आल्यावर अण्णा त्याला हळू आवाजात म्हणाला, "सोमवारपासनं मागचं सगळं धुळा बघंल. तू इंजिन बघ." एवढंच. शिव्या न्हाईत, काय न्हाई.

रविवारी काँटेसा सुटली. चाकं नाचली न्हाईत, नाक डावीकडं गेलं न्हाई. सुतात ववल्यागत सरळ. शंभूची नजर मातूर गाडीवर न्हवती, कडंच्या त्या पिंपांवर हुती. मनात येऊन गेलं, जराशी वळली असती तर. जराशीच. अण्णाला काय न होता.

मग शिट्ट्या ऐकू आल्या. त्यानं शेजारी बघितलं तर धुळा डोळं गच्च मिटून हुबा, मुठी वळलेल्या. त्यानं गाडी बघितलीच न्हवती.

"काय झालं, शंभूदा?" धुळा तसाच म्हणाला.

शंभूनं पट्ट्याच्या टोकाकडं बघितलं. सांगायला तिथं दुसरं कोण न्हवतं.

"गेली," तो म्हणाला. "सरळ गेली. उघड डोळं."