शेवटच्या घराने म्हणायचं ‘या’

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गावातली पोरं घर मागायला निघतात. येशूच्या जन्माच्या रात्री मरिया आणि योसेफला कुठेच जागा मिळाली नव्हती, त्याचा हा चर्चचा खेळ आहे. एक मुलगी मरिया होते, एक मुलगा योसेफ, बाकीची मेंढरं आणि मेंढपाळ. चर्चपासून समुद्रापर्यंत एकच आळी. पोरं प्रत्येक दारात विचारतात, “जागा हाय काय?” आणि घरातून ओरडून उत्तर येतं, “जागा न्हाय!” नकार देण्याचीही आमच्या लोकांना हौस. कोणी केरसुणी उगारतं, कोणी कुत्रं सोडीन म्हणतं. पोरं खिदळत पुढे जातात. ज्या घराने नाही म्हटलं, त्या घरची माणसं दार ओढून घेतात आणि पोरांच्या मागे चालू लागतात. असं करत सगळी आळी शेवटच्या घराशी येते. तिथे दार उघडतं आणि आतलं माणूस म्हणतं, “या.” मग सगळे आत शिरतात, बाळ येशूची मूर्ती पाळण्यात ठेवतात आणि प्रार्थना होते.

शेवटचं घर आमचं.

‘या’ म्हणायचं काम माझी बायको इनास करायची. “आधीचं समदं ‘न्हाय’ ह्या एका ‘या’नं पुसलं जातं,” ती म्हणायची. “ते झालं न्हाय तर पोरांना आपण खरंच हाकललं.” मी हसायचो. यंदा ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत ती गेली. तिला माती दिली त्याच दिवशी मी ठरवलं, या नाताळला ‘या’ मी म्हणणार.

माझा मुलगा सांतान आता होडी काढत नाही. घरात त्याने पाहुणे ठेवायला सुरुवात केली आहे. नाताळात काशीदला खोली मिळत नाही, म्हणून गाड्या आमच्यापर्यंत येतात. या वेळी त्याने पडवीसकट सगळं घर मुंबईच्या एका मोठ्या कुटुंबाला दिलं. आम्ही मागच्या स्वयंपाकघरात आलो.

“आणि पोरं येतील तेव्हा?” मी विचारलं.

“सांगितलंय त्यांना, बाबा. चर्चचा खेळ हाय म्हटलं. त्यांची हरकत न्हाय. तू दारात उभा रा आणि म्हण काय म्हणायचं ते.”

मी निर्धास्त झालो. पाळणा धुऊन पडवीच्या कोपऱ्यात ठेवला. पाहुण्यांनीही तो कौतुकाने पाहिला. माणसं वाईट नव्हती.

संध्याकाळी आळीतून आवाज यायला लागले. पाहुणे मोठा स्पीकर लावून पडवीत बसले होते, ते बघायला उठले. आमच्या अलीकडचं घर पासकूचं. त्याचा नकार दर वर्षी सगळ्यांत जोरदार. “पाठ टेकाय चटई न्हाय माझ्याकडं!” तो ओरडला. “जा आगरदांड्याला, लाँच पकडा, दिघीला जागा बघा!” मेंढरं हसून लोळली. पाहुणेही हसले. एकाने सांतानला विचारलं, हे काय चाललंय?

सांतानच्या हातात तळलेल्या सुरमईचं ताट होतं. आतून कोणीतरी सोडा मागत होतं. “गेम आहे, सर,” तो म्हणाला. “पोरं जागा मागतात, आपण नाही म्हणायचं.” आणि तो आत गेला.

मी मागे पांढरा सदरा घालत होतो. घरातून पुढे यायची सोय नव्हती, म्हणून विहिरीकडून वळसा घालून आलो. तोवर पोरं पायरीशी पोचली होती. यंदा मरिया आमची नात आन्सी. तिने बाळाला छातीशी धरून विचारलं, “जागा हाय काय?”

“जागा न्हाय!” पाहुणे एकदम ओरडले. अगदी आमच्यासारखं. एकाने आमचीच केरसुणी उचलली. एक बाई मोबाइलवर चित्रण करत होती.

पोरं आधी बावरली. मग अशी हसली, की तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आन्सीने पुन्हा विचारलं. पुन्हा तोच ओरडा.

“या!” मी म्हणालो. “या, पोरांनो!” स्पीकरपुढे माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मोबाइलवाली बाई माझ्याकडे वळून म्हणाली, “अंकल, तुम्हीपण म्हणा ना!”

मी पायरी चढायला लागलो तर सांतानने कोपर धरलं. “बाबा, राहू दे. मजा येतेय त्यांना.”

“‘या’ म्हणायचं राहिलंय, सांतान.”

“आणि म्हटल्यावर सगळी आळी आत घेशील? आत टेबलावर बाटल्या हायेत. पोरांना त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसवशील?”

अंगणात लोक उभे होते. पोरांना घेऊन आलेली रोझलिन टीचर माझ्याकडे बघत होती. पासकू पुढे आला. “काय लुईस, आम्ही ‘न्हाय’ म्हणून आलो ते काय तसंच ठेवायचं?” तो चेष्टेत बोलल्यासारखा बोलला, पण हसला नाही.

मी म्हणालो, “उद्या चर्चमध्ये मिसाला भेटू.”

लोक एकेक करून परतले. प्रार्थना झाली नाही. पाहुण्यांनी पोरांना मूठमूठ चॉकलेटं दिली आणि पोरं ओरडत वाळूकडे पळाली.

रात्री आम्ही स्वयंपाकघरात जेवायला बसलो. भिंतीपलीकडे कोणीतरी बाथरूमच्या दारावर थाप मारली. आतून उत्तर आलं, “जागा न्हाय!” सगळे खदखदून हसले. आन्सीही हसली, तोंडात घास होता तरी.

“आजोबा, आज लय मजा आली. टीचर म्हणाली, पुढच्या वर्षी आपण रस्त्यावरच्या समद्या कॉटेजवर जाऊ.”

“आणि शेवटी कुठं जायचं?”

“शेवटी म्हणजे?”

“शेवटचं घर कुठलं?”

तिने थोडा विचार केला. “शेवटी चॉकलेट देतात ना,” ती म्हणाली आणि माशातला काटा काढायला लागली.

तिला इनासचं बोलणं सांगावं असं मनात आलं. पण सांगून तरी मी तिला कुठल्या दारात नेणार होतो?