आठ पुठ्ठ्यांची पालथी गड्डी

तुमच्यापैकी कोणी पुस्तक बांधताना पाहिलं आहे का? नसेल, तर माझ्याबरोबर एक खोली डोळ्यांसमोर आणा. मधोमध लांब टेबल, इतकं जुनं की त्याच्या कडा हात लागून लागून गोल झाल्या आहेत. एका टोकाला खळीचं भांडं आणि त्यात उभा रुंद कुंचला. भिंतीशी लोखंडी दाबयंत्र. त्याचं चाक फिरवलं की वरची फळी खाली येते आणि नुकतीच चिकटवलेली पुस्तकं गुपचूप बसतात. कोपऱ्यात कागद कापायचं यंत्र. ते दर दोन महिन्यांनी रुसतं.

आता त्या टेबलापाशी एक मुलगी बसवा. नुकतीच शाळा संपलेली, आणि ही खोली तिच्या बाबांची. घरात तिला टाचणी म्हणतात, कारण ती बारीक आहे आणि बोलते तेव्हा टोचते. तिच्या समोर आहेत पुठ्ठ्याचे आठ तुकडे, खेळायच्या पत्त्यांएवढे. आणि तिच्या डोक्यात आहे भुसा.

भुसा का, ते सांगतो. टाचणीला इंजिनियर व्हायचं होतं, आणि तेही यंत्रांचं. कोपऱ्यातलं ते रुसकं यंत्र गेल्या वर्षी तिनेच उघडलं होतं. बाबा दारात डोक्याला हात लावून उभे राहिले आणि हिने आतली झिजलेली पट्टी उलटी करून बसवली. यंत्र चाललं. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. प्रवेश परीक्षा झाली, निकाल लागला, आणि आता एक अर्ज भरायचा होता. अर्जात आठ रकाने. प्रत्येक रकान्यात एक कॉलेज. अर्ज आज पाच वाजता बंद होणार, आणि चुकला तर पुढचा थेट वर्षभराने.

सकाळी आई ड्यूटीवर निघता निघता डोकावली. आई दवाखान्यात परिचारिका आहे. तिने निकालाचा कागद पाहिला.

"चार हजार तीनशे बारा. वा, खूप आहेत की."

"आई, ते गुण नाहीत. क्रमांक आहे. माझ्या पुढे चार हजार तीनशे अकरा जण आहेत."

"एवढे?" आई चप्पल घालता घालता थांबली. "मग हे चांगलं की वाईट?"

"तेच कळत नाहीये."

तिला खरंच कळत नव्हतं. प्रत्येक कॉलेजापुढे एक आकडा छापलेला होता, गेल्या वर्षी तिथे ज्याला सगळ्यात शेवटी जागा मिळाली त्याचा क्रमांक. टेकडीवरच्या कॉलेजाचा अकराशे. म्हणजे तिथं टाचणीला जागा मिळायची आशा जवळजवळ नाहीच. घड्याळाच्या मनोऱ्याचं जे होतं, त्याचा तीन हजार नऊशे. तिथं थोडक्यात हुकणार. नदीकाठच्याचा चार हजार सातशे, म्हणजे मिळणार. पण त्याच नदीकाठच्याचा त्याआधीच्या वर्षीचा आकडा होता तीन हजार आठशे. म्हणजे नाही मिळणार.

"बाबा, नदीकाठचं मला मिळेल का?"

बाबा पुस्तकाच्या पाठीला कापडाची पट्टी लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. "गेल्या वर्षी असतीस तर मिळालं असतं."

"आणि दोन वर्षांपूर्वी?"

"तेव्हा तू लहान होतीस."

टाचणीने कपाळ टेबलावर टेकलं.

तेवढ्यात मामा आला. मामाचं झेरॉक्सचं आणि कॉम्प्युटरचं दुकान खालीच आहे, त्यामुळे त्याला यायला जिना आणि निमित्त, दोनच गोष्टी लागतात. निमित्त बहुतेक चहाचं असतं.

"भाऊजी, या पोरीला सांगा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. कोपऱ्यावरचं कॉलेज आहे ना आपलं? घरापासून दहा मिनिटं. शेवटचा आकडा एकोणीस हजार. डोळे मिटून मिळेल."

"तिथं यंत्रं नाहीत, मामा. नुसते कॉम्प्युटर आहेत."

"कॉम्प्युटर म्हणजे काय, भाजी आहे का? यंत्रच ते."

"साळेबुवा," बाबा म्हणाले, "चहा पितो आहेस की कॉलेज चालवतो आहेस?"

मामाने चहा प्यायला. पण जाता जाता टाचणीच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "कुठंच नाही मिळालं तर? वर्षभर घरी बसशील?" आणि हे वाक्य तिच्या पोटात खडा पडावा तसं पडलं. तिने मुकाट्याने एका पुठ्ठ्यावर कोपऱ्यावरच्या कॉलेजाचं नाव लिहिलं.

अकराच्या सुमारास गणिताच्या बाई आल्या. शाळेची हजेरीपुस्तकं बांधायला टाकली होती, ती तयार झाली का ते बघायला. हजेरीपुस्तकं अजून दाबात होती. टाचणीचा चेहरा बघून बाईंनी स्टूल ओढलं.

"हे फडताळ बघ," त्या म्हणाल्या. भिंतीवर कागदाच्या गठ्ठ्यांचं फडताळ होतं. "सगळ्यात वरचा कप्पा. टाचा उंच करून, हात ताणून, कदाचित पोचशील, कदाचित नाही. अशी दोन कॉलेजं घे. मधला कप्पा. हात लांब केलास की लागतो, पण कधी कधी गठ्ठा आतपर्यंत सरकलेला असतो. अशी चार. आणि खालचा. बसल्या जागेवरून मिळेल अशी दोन. सगळी वरची घेतलीस तर रिकाम्या हाताने परत येशील. सगळी खालची घेतलीस तर वर काय होतं ते जन्मभर कळायचं नाही."

"आणि लावायची कशी?"

"जे सगळ्यात जास्त हवं ते पहिलं. जागा वाटणारा कॉम्प्युटर पहिल्यापासून बघत येतो. जिथं तुला जागा आहे, तिथं थांबतो. त्याच्या खालचं तो वाचतसुद्धा नाही. म्हणून भीतीने लावायचं नाही, आवडीने लावायचं." बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि खालची दोन निवडायला सगळ्यात जास्त वेळ घे."

"खालची? ती तर सोपी ना?"

"म्हणून तर," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

हे काही टाचणीला समजलं नाही. आधीच काय कमी गोंधळ होता. बाराला तिने वरची दोन ठरवली: टेकडीवरचं आणि घड्याळवालं. मधल्या चारांना मात्र तिने इतक्या वेळा पुढे-मागे केलं की पुठ्ठ्यांचे कोपरे मऊ पडले. आवडीने लाव म्हणणं सोपं आहे, पण आवड कुठं एका जागी बसते? नदीकाठचं घेतलं की दुसऱ्याचं वसतिगृह आठवायचं, दुसरं घेतलं की तिसऱ्याची कार्यशाळा. खालच्या दोनांसाठी तिने दोन मिनिटंही घेतली नाहीत. एक लांबच्या गावचं, बरं होतं. आणि शेवटचं कोपऱ्यावरचं, मामाच्या त्या खड्यासाठी.

खरं तर तिला आणखी एक नाव सुचलं होतं. गावाच्या टोकाला एक छोटं कॉलेज आहे, त्याच्या कार्यशाळेवर पत्रे आहेत. टाचणीच्या वर्गातली मुलं त्याला डबा म्हणत. तिथल्या जागा कधीच भरत नाहीत. बाबा त्यांच्या प्रयोगवह्या बांधून देत, आणि दोन महिन्यांपूर्वी वह्या पोचवायला टाचणीही गेली होती. हात काळे झालेली मुलं लेथवर लोखंड सोलत होती. एका मुलीने तिला चाक फिरवून बघ म्हणून बाजूला सरून जागा दिली. लोखंडाची निळसर कुरळी साल तिच्या पायाशी पडली होती. ती तिने खिशात घालून घरी आणली. पण वर्गात डबा म्हटलं की सगळे हसत, म्हणून ते नाव तिने पुठ्ठ्यावर उतरवलंच नाही.

आता नीट लक्ष द्या, कारण घोटाळा इथं झाला.

बांधणीच्या खोलीत गड्डी कशी ठेवतात? पालथी. पहिलं पान तोंड खाली करून सगळ्यात आधी ठेवायचं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. काम संपलं की अख्खी गड्डी एकदम उलथी करायची, म्हणजे पहिलं पान आपोआप वर. टाचणी या खोलीत चालायला शिकली. तिचे हात दुसरं काही करूच शकत नव्हते. टेकडीवरचं तिने तोंड खाली करून ठेवलं, त्यावर घड्याळवालं, आणि असं करत सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर, कोपऱ्यावरचं. मग दोरीने बांधलं आणि मामाच्या दुकानात नेऊन दिलं.

"क्रमाने लावलंय मामा. तू भरून ठेव, मी बाबांबरोबर हजेरीपुस्तकं देऊन येते."

"निश्चिंत जा," मामा म्हणाला.

साडेतीनला ती परतली तेव्हा आई ड्यूटीवरून आली होती आणि मामा अर्जाची छापील प्रत आणि पुठ्ठ्यांची गड्डी हातात धरून उभा होता.

"झालं काम," तो म्हणाला. "पोरगी शेवटी माझंच ऐकते. फक्त तसं बोलून दाखवत नाही."

आईने प्रत घेतली. "पहिलं, कोपऱ्यावरचं," तिने वाचलं. "अगं, पण सकाळी तर तू म्हणत होतीस—"

टाचणीने कागद ओढून घेतला. पहिलं, कोपऱ्यावरचं. दुसरं, लांबचं. आणि तळाशी, आठव्या रकान्यात, टेकडीवरचं.

"हे उलटं आहे."

"उलटं कसं? तू दिलीस तशी गड्डी घेतली. वरचा पुठ्ठा काढला, पालटला, वाचला, लिहिला. मग दुसरा. जगात सगळे वरूनच घेतात."

"जगात घेत असतील," बाबा म्हणाले. "आमच्याकडे खालून."

"मग पुठ्ठ्यावर तसं लिहायचं, भाऊजी. मी काय पुस्तकं बांधतो?"

"तुला दुकानही धड चालवता येत नाही," आई म्हणाली. "वरचा एक पुठ्ठा वाचून तुला शंका नाही आली? टेकडीवरचं शेवटी कोण टाकतं?"

"मला वाटलं, शहाणी झाली."

सगळे एकदम बोलत होते. एकच गोष्ट सगळ्यांना पटली: पाचपर्यंत अर्ज बदलता येतो, तेव्हा यादी उलटी करायची, संपलं. आई म्हणाली, जा लवकर. बाबा म्हणाले, गड्डी घेऊन जा. मामा म्हणाला, मी भरतो ना. तिघे एका सुरात म्हणाले, तू नको.

पण टाचणी जागची हलली नाही. ती अजून पहिल्या रकान्याकडे बघत होती.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"मघाशी हे वाचलं ना, तेव्हा एक क्षण मला वाटलं, मिळालं मला हे. मी इथं जाणार आता." ती थांबली. "आणि मला रडू आलं."

"पण ते आता शेवटी जाईल," आई म्हणाली.

"शेवटचं म्हणजे वरचं काहीच नाही मिळालं तर हेच. तेव्हाही रडूच येईल. मी तिथं जाणारच नाही, आई."

"मग यादीत घातलंस कशाला?" मामा म्हणाला.

"तू कानात बोललास म्हणून."

मामाने इकडे तिकडे पाहिलं. "मी हमखास मिळेल असं म्हणालो. दगडापेक्षा वीट मऊ."

"हमखास मिळेल, पण मिळाल्यावर मी जाणार नसेन, तर ते माझ्यासाठी हमखास कसं? आठवा रकाना रिकामाच की." ती बोलता बोलता थबकली. बाई दारात वळून काय म्हणाल्या होत्या, ते आत्ता कुठं तिच्या ध्यानात येत होतं.

खळीच्या भांड्यावर साय धरली होती. बाबांनी ती कुंचल्याने मोडली.

"मधल्या चारांचं काय?" त्यांनी विचारलं. "ती तरी नक्की आहेत का?"

"अजिबात नाहीत," टाचणी म्हणाली. "त्यांचं मला अजूनही कळत नाही. नदीकाठचं तिसरं की चौथं, देव जाणे."

"आणि शेवटचं?"

टाचणी उठली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने कापायच्या यंत्राखालच्या टोपलीतून पुठ्ठ्याची एक पट्टी उचलली, पत्त्याएवढी कापली आणि त्यावर त्या पत्र्याच्या कॉलेजाचं खरं नाव लिहिलं, लोक हसतात ते नव्हे. कोपऱ्यावरच्या कॉलेजाचा पुठ्ठा तिने गड्डीतून काढून मामाच्या हातात दिला. मग प्रत्येक पुठ्ठ्याच्या तोंडावर ठळक आकडे घातले, एक ते आठ. तीन आणि चार तिने एकदा खोडले, अदलाबदल केली, पुन्हा खोडले आणि आधीसारखेच लिहिले.

जिना उतरून ती दुकानात गेली. या वेळी तिने गड्डी केलीच नाही. आठही पुठ्ठे कीबोर्डापुढे एका ओळीत उताणे मांडले. मामा मागून आला आणि खुर्चीकडे हात पुढे करू लागला. त्याच्याकडे न बघता तिने खुर्ची स्वतःकडे ओढली, बसली आणि पहिला रकाना पुसला.